मेजर, मायनर

अर्जावर दोन रकाने होते.
मेजर : नाट्य आणि नृत्य.
मायनर : भूगर्भशास्त्र.
बाबा बोट ठेवून वाचत होते, एकेक अक्षर,
आणि दुसऱ्या रकान्यावर थांबले.
"मायनर? खाणी तर बंद पडल्या."
बारा वर्षं ट्रक चालवला त्यांनी,
भुवयांत अजून लाल धूळ असेल, असं मला वाटतं.
मी समजावलं. मग आई म्हणाली,
"आणि नाच मेजर?"

पर्वरीच्या पठारावर, काचेच्या इमारतीत,
सकाळी नऊला आम्ही जांभा दगड शिकतो :
पाऊस त्यातलं विरघळेल ते सगळं नेतो,
मागे राहतं लोखंड, आणि भोकं.
अकराला चपला दाराबाहेर काढून चालायला शिकतो.
"तटस्थ चाला," ग्रासिएला बाई म्हणतात,
"कुठल्याच गावची नसलेली चाल."
उर्वीला जमते.
मी चालले की वर्ग म्हणतो,
हिच्या डोक्यावर काहीतरी आहे.
नसतं काही.
मान मात्र जपून धरलेली असते.

मार्चमध्ये गृहपाठ मिळाला :
घरातली एक हालचाल आणा.
दिवाडीच्या ज्यूडने फेरीबोटीचा दोर फेकला,
हवेत, आणि आम्ही सगळे जरा मागे सरलो.
उर्वीने लिफ्टचं बटण दाबलं, पुन्हा, पुन्हा,
लिफ्ट येईना, तिच्या डोळ्यांत पाणी आलं,
ते खरंच चांगलं होतं.
मी कोळमी आणली.
धाव्याला आमच्या डोंगरात, कातळात खोदलेली,
तीत घोट्यापर्यंत काजूची बोंडं,
वरच्या वाशाला एक हात, आणि बाबा मळतायत,
भाटी पेटायच्या आधीचं, उन्हाआधीचं काम.
सहा आठवडे मी रिकाम्या लाकडी फरशीवर बोंडं मळली.
बाईंनी तिला नाव दिलं, प्रकाश दिला,
मागे एक चेलो.

प्रयोगाला बाबा आले,
इस्त्रीचा सदरा, पिशवीत फणसाचे गरे.
संपल्यावर प्रेक्षकांशी चर्चा.
कुणी विचारलं, हे श्रम आहेत की विधी?
कुणी म्हणालं, शरीर हेच दफ्तर.
मी उत्तरं दिली. मला देता येतात आता.
मग ग्रामसभेत करतात तसा
मागच्या रांगेत एक हात वर झाला.
"अशें नाचल्यार रोस येवचो ना."
लोक हसले, प्रेमाने हसले, तेच जास्त लागलं.
"टाच," बाबा म्हणाले, "टाच कुठे आहे तुझी?
बोटांवर बोंडू निसटतो."
आणि बसले. मग पुन्हा उठून
"बाकी बरं झालं."

वाळपईची शेवटची बस गेली होती.
मुलांच्या वसतिगृहात गादी मिळाली,
पंख्याखाली झोप येत नाही म्हणाले,
वॉचमन गावसच निघाला, कोपार्ड्याचा,
त्याने स्टुडिओ उघडून दिला.
पहाटे चहा घेऊन गेले.
दार अर्धं उघडं.
आरशांच्या भिंतीसमोर बाबा,
लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला,
एक हात वर, जिथे वासा नव्हता तिथे.
टाच. टाच. मग थोडं वळून टाच.
चाळीस हंगाम मळलं त्यांनी,
स्वतःला मळताना कधी पाहिलं नव्हतं.
खाली पाहायचे, मग आरशात, मग खाली,
जणू दोघांपैकी एकजण चुकतोय.

त्या हालचालीला बी-प्लस मिळाला मला.
शेरा : वजन अजून वरच राहतं.
चहावर साय धरली.
मी दाराबाहेर उभी होते,
चपला काढून.